करंजमाळचं हंगामी वसतिगृह

करंजमाळच्या शाळेची व्यवस्थापन समिती महिन्यातून एकदा बसायची, आणि हिरा तिथं तीन वर्षं नुसती सही करायला जात होती. समितीत मेंढपाळ वस्तीतलं कुणीतरी हवं, बाईमाणूस असेल तर आणखी बरं, म्हणून तिचं नाव घातलेलं. दिवाळी झाली की ती नवरा, सासू आणि मेंढरांबरोबर माळशेज घाट उतरून कोकणात जायची, ती जूनलाच परतायची. वर्षातल्या निम्म्या बैठकांना तिची जागा रिकामी असे, आणि ती रिकामी आहे हे कुणाच्या ध्यानातही येत नसे.

ऑगस्टमधल्या त्या बैठकीत मुख्याध्यापिका आरती मॅडम एक परिपत्रक वाचत होत्या. मॅडम शिकवायला चांगल्या, पण परिपत्रक हातात आलं की त्यांचा आवाज एकसुरी व्हायचा आणि समितीतली माणसं तेवढ्यात एक डुलकी काढून घ्यायची. "स्थलांतरित पालकांच्या पाल्यांकरिता हंगामी वसतिगृह..." एवढं कानावर पडलं आणि हिरा ताठ बसली.

"मॅडम, त्ये परत वाचा."

मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. या बाईचा आवाज त्या पहिल्यांदाच ऐकत होत्या. त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि साध्या भाषेत सांगितलं. आईबाप मेंढरांमागं गेले, ऊसतोडीला गेले, तरी पोरांनी गावातच राहायचं. झोपायला शाळेची खोली. सकाळी न्याहारी, संध्याकाळी जेवण; दुपारची खिचडी शाळेत मिळतेच. सांभाळायला एक बाई, रांधायला एक बाई. खर्च सरकारचा, चालवायचं समितीनं.

"मंग ह्ये आपल्याकडं का न्हाई?"

"अट आहे ना, हिराताई. कमीत कमी वीस मुलं लागतात. तुमच्या वस्तीवरची चौदाच आहेत."

समितीतलं वजनदार माणूस म्हणजे रखमाजी आबा. गावातली निम्मी बागायत त्यांच्या भावकीची. ते डोळे न उघडताच म्हणाले, "पैसा येनार आसंल तर आधी शाळंला भिंत घाला. परवा बिबट्या अंगनवाडीच्या मागं बसला व्हता."

"भिंत नाही घालता येत यातून, आबा. हा मुलांच्या नावचा पैसा आहे. खाण्यापिण्याला, अंथरुणाला."

"म्हंजी आपल्या कामाचा न्हाई," आबांनी निकाल दिला.

"आमच्या कामाचा हाय," हिरा म्हणाली. "सा पोरं कमी पडत्यात न्हवं? मी आनते."

आबांनी तेव्हा कुठं डोळे उघडले.

हिरा एवढं ठासून बोलली त्याला कारण होतं. लहानपणी ती दुसरीत तीनदा बसली होती. नापास होऊन नव्हे. दर दिवाळीला बापाच्या मेंढरांमागं जायची, जूनमध्ये परत यायची, आणि गुरुजी म्हणायचे, अर्धं वर्ष बुडालंय, बस पुन्हा दुसरीत. तिसऱ्या खेपेला बरोबरच्या मुली चौथीत गेलेल्या आणि हिरा बारक्या पोरांत गुडघे पोटाशी घेऊन बसलेली. आठ दिवस बसली, नवव्या दिवशी गेलीच नाही. वाचायला ती पुढं आपली आपणच शिकली, मेंढरांच्या औषधांच्या बाटल्यांवरून आणि घाटातल्या पाट्यांवरून. आता तिची लेक ऋतिका पाचवीत होती. दिवाळीपर्यंत भागाकाराची गणितं झरझर सोडवायची आणि जूनमध्ये परत आली की भागाकाराचं चिन्हसुद्धा तिला परकं वाटायचं.

घरी जाऊन हिरानं हे सांगितलं तेव्हा सासू, बाळाबाई, चुलीपुढून उठलीच.

"लेकरं मागं ठिवायची? आन् आपून घाटाखाली? डोकं ठिकान्यावर हाय का तुजं?"

"आत्या, शाळा गावातच हाय."

"गावात बिबट्याबी हाय."

नवरा जालिंदर बायकोला ओळखून होता. तो एवढंच म्हणाला, "आधी सा पोरं तर गावू दे."

पोरं शोधायला हिरा दुसऱ्याच दिवशी निघाली. बोरी बुद्रुकच्या बाजूला दोन बिऱ्हाडं उतरली होती, तिथून चार मुलांचं जमण्यासारखं होतं. पण तिची भिस्त होती जानकूवर. आळेफाट्याच्या अलीकडं, ट्रकांच्या गॅरेजमागच्या पडीक रानात म्हाताऱ्या जानकूचा वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, पडलेला. दोन लेक, दोन सुना, अडीचशे मेंढरं आणि चार नातवंडं. त्या नातवंडांचं नाव कुठल्याच शाळेच्या पटावर नव्हतं.

जानकूनं तिला घोंगडीवर बसवलं, चहा दिला आणि तिचं सगळं ऐकून घेतलं.

"पोरं शिकून काय व्हनार, त्ये मला सांगू नगं," तो म्हणाला. "त्ये मला म्हाईत हाय. माजा थोरला चार वर्सं त्या गॅरेजात राबला. गाडी चालवाया यायची, पर लायसनचा कागद वाचता यीना, म्हनून गाड्या धूतच ऱ्हायला. शेवटी मेंढरांमागं परत आला. माजा सवाल दुसराच हाय. आमी घाट उतरलो आन् सरकारनं पैसं धाडलंच न्हाई, तर माजी नातवंडं खानार काय?"

उत्तर नसताना थापा मारायची तिला सवय नव्हती.

"ह्याचा जबाब घिऊन यीन," ती म्हणाली. "मंगच पोरं द्या."

"मंगच दीन," जानकू म्हणाला.

सप्टेंबरच्या शेवटी आरती मॅडम आणि हिरा एसटीनं जुन्नरला गेल्या. प्रस्तावाचा कागद मॅडमनी सुवाच्य अक्षरात लिहिला होता, खाली हिराची सही. तालुक्याच्या शिक्षण कचेरीतले साहेब सरळ माणूस होते. त्यांनी कागद नीट वाचला, पोचही दिली. हिरानं जानकूचा सवाल जसाच्या तसा त्यांच्यापुढं ठेवला.

"पैसे नाहीत असं नाही," साहेब म्हणाले. "पण आधी मुलं राहिलेली दिसली पाहिजेत. मी तपासणीला येणार, अहवाल वर जाणार, मग रक्कम सुटणार. मागं एकदा असं झालं, मुलं नुसती कागदावर होती आणि जेवणाची बिलं मात्र निघाली. तेव्हापासून हा नियम."

"म्हंजी कवा?"

"जानेवारी धरा. फेब्रुवारीही होईल."

मेंढरं निघणार नोव्हेंबरात. मधले अडीच महिने पोरांनी काय वारा खाऊन राहायचं?

परतीच्या गाडीत मॅडम खिडकीबाहेर बघत बसल्या होत्या. "मी माझ्या पगारातून थोडे घालीन," त्या म्हणाल्या, "पण वीस मुलांना नाही पुरणार. पुढच्या वर्षी बघू, हिराताई."

"पुढल्या वर्सी ऋतिका सावीत आसंल. भागाकार तिला आत्ता यायला पायजे," हिरा म्हणाली. तेवढ्यात तिचा फोन वाजला. जालिंदर होता.

"रखमाजी आबांचा निरोप हाय. सोयाबीन निगालं, रानात मेंढरं बसवायचीत, कांदा लावायच्या आदी. त्येंच्या चुलतभावाचाबी सांगावा आलाय. दोगंबी म्हन्त्यात आधी माज्याकडं. कुनाला व्हय म्हनू?"

रात्री मेंढरं रानात बसवली की त्यांच्या लेंड्या-मुतानं जमीन अशी कसदार होते, की कांदा तिथं नुसता फुगतो. त्या भागातले शेतकरी त्यासाठी रात्रीमागं रोकड मोजतात, आणि दसरा ते दिवाळी मेंढपाळाच्या मागं हात धुऊन लागतात. हे हिरा जन्मापासून बघत आली होती. पण त्या क्षणी, एसटीत आडव्या दांड्याला धरून उभी असताना, तिला ते नव्यानं दिसलं.

"कुनालाच व्हय म्हनू नका," ती फोनमध्ये म्हणाली. "मी आल्याबिगर शब्द दिऊ नका."

ती फाट्यावर उतरली ती घरी न जाता थेट रखमाजी आबांच्या ओट्यावर गेली. मॅडमनाही तिनं बरोबर घेतलं. आबा पाटावर बसून कांद्याचं रोप कुठून आणायचं याचा फोन करत होते. त्यांनी मॅडमना खुर्ची दिली आणि हिराला म्हणाले, "तुज्या मालकाला निरोप धाडलाय मी."

"म्हनूनच आले, आबा. मेंढरं यत्याल. तुमच्याबी रानात, भावकीच्याबी. पाच घरांची मिळून चारशे मेंढरं. दसऱ्यापास्नं चाळीस राती हायेत. त्यातल्या सोळा रातींचं पैसं आमाला नगंत."

आबांना वाटलं ऐकण्यात चूक झाली. "नगंत म्हंजी?"

"त्या सोळा रातींचं धान्य द्या. रातीला आर्दं पोतं बाजरी, न्हाईतर तेवढ्याच मोलाची डाळ, तेल, गूळ. आमच्या घरी न्हाई. शाळंत आनून टाका, मॅडमच्या म्होरं. पोरांच्या वसतिगृहाला."

आबांनी मॅडमकडं पाहिलं. मॅडमनाही हे आत्ताच कळत होतं, पण त्यांनी मान अशी हलवली की जणू सगळं गाडीतच ठरलं होतं.

"आन् पोरं ऱ्हायलीच न्हाई तर?" आबांनी विचारलं. "चार दिसांत आयबापाच्या मागं पळाली तर?"

"तर बाजरी तुमची तुमाला परत. मेंढरांचं खत काय मी उचलून न्हेनार न्हाई, त्ये तुमच्याच रानात ऱ्हाईल."

आबांनी हिशोब घोळवून पाहिला. कुठल्याही बाजूनं घोळवला तरी त्यांचं नुकसान निघेना. त्यांना हसू आलं. "तुला समितीत कुनी घातली गं?"

"तुमीच, आबा. नियम व्हता म्हनून."

"मंग झालं. भावकीला मी सांगतो. पर रोप लावायच्या आदी माजं रान बसलं पायजे, सगळ्यात पयलं."

आबांशी सौदा झाला, पण खरी गाठ वस्तीवर होती. मेंढरं काही एकट्या हिराची नव्हती. संध्याकाळी पाचही घरची माणसं लिंबाखाली जमली आणि जालिंदरच आधी भडकला.

"मेंढरं आमची, राती आमच्या, आन् सौदा तू परस्पर करून आली? घाटात टेंपो लागतो, औषधं लागत्यात. त्ये कशातनं आनायचं?"

"चोवीस रातीचं पैसं तुमचंच हायेत," हिरा म्हणाली. ती उभीच होती, बसली नाही. "आन् मला येक सांगा. ही चौदा पोरं कोकनात जेवत न्हाईत का? दोन टायमाला खात्यातच की. ती मागं ऱ्हायली तर तुमच्याबरूबर चौदा तोंडाची बाजरी कमी लागनार. तीच बाजरी मी हितं मागती. जादा काय मागती?"

शेजारच्या घरातला सोपान बोटं मोजत काहीतरी आकडेमोड करत होता. "बरूबर हाय राव," तो शेवटी म्हणाला. "पोरांनी भाकर हितं खाल्ली काय आन् तितं खाल्ली काय."

"भाकरीचं झालं," बाळाबाई मागून म्हणाली. "पोरांजवळ ऱ्हानार कोन? परक्या बाईच्या गळ्यात लेकरं टाकून मी न्हाई जायाची."

"मी ऱ्हानार," हिरा म्हणाली.

जालिंदरनं डोक्याला हात लावला. मेंढरांमागच्या वाटेवर पुरुष चारणीला जातात, पण बिऱ्हाड चालतं ते बाईवर. रोज नवं रान, रोज घोड्यावर सामान लादायचं, उतरवायचं, पाणी शोधायचं, चूल मांडायची, कोकरं सांभाळायची. हिरा मागं राहिली तर हे कोण करणार, असा प्रश्न सगळ्यांच्याच तोंडावर होता.

बाळाबाईनं तो विचारू दिला नाही. ती पुढं आली आणि लेकाकडं बोट करून म्हणाली, "ह्यालाबी मी शाळंत ठिवला व्हता. म्हाईत हाय का तुला, जालिंदर? तू पाच-सा वर्साचा व्हता. बोरीला माज्या भावाकडं ठिवला. आठ दिसात मी घाटातनं माघारी आले आन् तुला उचलून न्हेला. समद्यांला सांगितलं, पोरगं रडतंय. तू रडत न्हवता. तू मजेत पाटी घिऊन बसला व्हता. मीच रडत व्हते."

जालिंदर आईकडं बघतच राहिला. त्याला स्वतःला त्यातलं काहीच आठवत नव्हतं. आजवर त्याला एवढंच माहीत होतं की आपल्याला शाळा आवडली नाही.

"आता बिऱ्हाड मी बगते," बाळाबाई म्हणाली. "गुडघं अजून चालत्यात. हिऱ्ये, तू ऱ्हा."

दुसऱ्या दिवशी हिरा जानकूकडं गेली आणि त्याच्या सवालाचा जबाब दिला. जानकूनं दोनच गोष्टी विचारल्या. बाजरी कुणाच्या ताब्यात असेल, आणि पोरांशी फोनवर बोलता येईल का. बाजरी मॅडमच्या कुलपात, फोन रोज जेवणाआधी, असं तिनं सांगितलं. त्यानं चारही नातवंडं दिली. बोरीकडची चार धरून बावीस झाली.

दसऱ्यानंतर रानं बसायला लागली. सकाळी मेंढरं उठून गेली की आबांच्या नाहीतर भावकीतल्या कुणाच्या तरी मोटरसायकलवरून अर्धं पोतं शाळेत यायचं. कुणी बाजरी आणली, कुणी तांदूळ. एकानं तेलाचा डबा आणला आणि वर स्वतःच्या शेतातले टोमॅटो. शाळेच्या खिडक्यांना आबांनी स्वखर्चानं जाड जाळी मारून दिली, बिबट्याचं नाव घेत घेत. रांधायला गावातली झुंबरबाई तयार झाली, पगार फेब्रुवारीत मिळेल म्हटल्यावर ती म्हणाली, "फेब्रुवारी काय लांब हाय व्हय?"

नोव्हेंबरात मेंढरं निघाली तेव्हा बावीस पोरं शाळेच्या व्हरांड्यात उभी राहून हात हलवत होती. पहिल्या आठवड्यात तिघं रडली, एकाला ताप आला. जानकूची धाकटी नात उज्ज्वला आठ वर्षांची होती. तिला छपराखाली झोपच येईना. जन्मापासून ती उघड्यावर झोपलेली. जेवण झालं की गोधडी उचलायची आणि व्हरांड्याकडं चालायला लागायची. हिरानं तिचं अंथरूण खिडकीशी घातलं, जाळीतून चांदणं दिसेल असं, आणि स्वतः दाराला आडवी झोपली. पाचव्या दिवसापासून उज्ज्वला घोरायला लागली.

वर्गात मात्र तिची पंचाईत होती. वयानं तिसरीत बसवलेली, पण पेन्सील कशी धरायची तेही माहीत नाही. शेजारची पोरं हसायची. मग एके दिवशी परिपाठाला सगळी शाळा मैदानात उभी असताना उज्ज्वला मॅडमना म्हणाली, "दोन पोरं कमी हायेत." मॅडमनी हजेरी घेतली. दोनच गैरहजर होती. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. एका नजरेत तिनं बरोबर आकडा सांगितला. ज्या पोरीला अडीचशे मेंढरांतलं एक कोकरू मागं राहिलेलं कळतं, तिला साठ पोरांचं काय अवघड? मॅडमनी तिला हजेरीची मदतनीस केलं. मग आकडे लिहायला शिकणं तिला भागच पडलं, आणि आकड्यांच्या पाठोपाठ नावंही.

ऋतिकाचा भागाकार डिसेंबरात पक्का झाला. हिरा संध्याकाळी पोरांच्या अभ्यासात बसायची आणि कुणाच्या लक्षात येणार नाही अशा बेतानं स्वतःही पाचवीचं पुस्तक वाचायची. ऋतिकाच्या लक्षात आलं होतं. ती पान उलटताना थोडी थांबायला लागली.

कोकणातून रोज फोन यायचा. बाळाबाई कल्याणच्या पुढं कुठल्या तरी माळावरून ओरडून बोलायची, जणू फोनपेक्षा तिच्या आवाजावरच तिचा जास्त भरवसा होता. पोरं जेवली का, हा एकच प्रश्न बावीसदा.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी सात वाजता शाळेपुढं जीप थांबली. कचेरीतले साहेब न कळवताच आले होते. बावीस पोरं व्हरांड्यात ओळीनं बसून गूळ आणि बाजरीची गरम भाकरी खात होती. साहेब मधून चालत गेले. त्यांनी मुलं मोजली, अंथरुणं मोजली. एका पोराला काल रात्री काय जेवलास, असं विचारलं. उज्ज्वलाला पुस्तक देऊन वाच म्हटलं. तिनं बोट ठेवत ओळ वाचली, एका शब्दाला अडली, मागं गेली आणि परत नीट वाचली.

मग साहेबांनी फॉर्म काढला. आरती मॅडम समोर उभ्या होत्या, पण साहेबांनी प्रश्न हिराला केला.

"बाई, आम्ही अजून एक रुपया दिलेला नाही. दोन महिने हे चाललंय कशावर?"

"मेंढरांवर," हिरा म्हणाली.

साहेबांना ते आधी कळलं नाही. तिनं सगळं सांगितलं, रानं, राती, अर्धं अर्धं पोतं. मॅडमनी वही आणून दिली, ज्यात कुणी काय आणलं ते तारखेवार लिहिलं होतं. साहेब वही चाळत राहिले. मग फॉर्मकडं बघून म्हणाले, "यात हे कुठं लिहायचं? शासकीय अनुदान असा रकाना आहे, देणगी असा रकाना आहे. ही देणगी आहे का?"

"देनगी न्हाई, सायेब. आमच्या मेंढरांची मजुरी हाय."

"तसा रकानाच नाही."

"न्हाई तर मंग येक आखा की," हिरा म्हणाली. "पट्टी हितंच हाय."

साहेबांनी खरंच एका पोराकडून पट्टी मागून घेतली, फॉर्मच्या तळाशी एक चौकट आखली आणि तिच्यात लिहिलं: "पालकांचा श्रमरूप सहभाग." लिहून झाल्यावर ते पंगतीच्या शेवटी बसले आणि झुंबरबाईनं वाढलेली अर्धी भाकरी खाल्ली.

रक्कम फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात समितीच्या खात्यावर आली. ती कशी खर्चायची याच्या बैठकीला या वेळी कुणीही डुलकी काढली नाही. झुंबरबाईचा मागचा पगार, आठवड्यातून तीनदा अंडी, बावीस रग, मुलींसाठी आंघोळीची खोली. भिंतीचा विषय निघाला तेव्हा रखमाजी आबांनीच हात वर केला. "भिंतीचं मी ग्रामपंचायतीत बगतो. ह्या पैशाला कुनी हात लावायचा न्हाई. ह्यो पोरांचा हाय."

मार्चअखेर परीक्षा झाली. बावीसच्या बावीस पोरं परीक्षेला बसली. मॅडमनी पटावर बोट फिरवत सांगितलं, नोकरीच्या अकरा वर्षांत मार्चच्या हजेरीत वस्तीवरच्या पोरांपुढं रिकामी चौकट नाही, असं पहिल्यांदाच घडलंय. ऋतिकाला गणितात पन्नासपैकी बेचाळीस मिळाले. जानकूची उज्ज्वला चौथीत गेली. अजून अडखळते, पण चौथीतच गेली.

मे महिन्याच्या शेवटी घाटावर ढग दिसायला लागले आणि जून लागताच मेंढरं वर चढली. बाळाबाई वस्तीवर पोचली ती घोड्यावरचं सामान न उतरवताच शाळेकडं निघाली. सुट्टी होती, शाळा बंद होती; पोरं हिराबरोबर वस्तीवर आलेली. मग ती घरी आली, ऋतिकाला पुढ्यात घेऊन तिचे हातपाय चाचपले, दंड दाबून पाहिले आणि हिराला म्हणाली, "वाळली न्हाई."

"अंडी खात्यात आत्या, आठवड्यातनं तीनदा."

"तितं आमी सुक्या मासळीवर दिस काडलं आन् हितं अंडी?" बाळाबाई म्हणाली, आणि हसली.

जूनमध्ये शाळा उघडली. ऑगस्टच्या बैठकीत आबांनी अध्यक्षपदासाठी हिराचं नाव सुचवलं आणि दुसरं नाव आलंच नाही. त्याच आठवड्यात बेल्ह्याकडच्या आणि बोरीकडच्या वाड्यांतून निरोप आले. आमचीबी पोरं घ्या, न्हाईतर आमच्या गावात ह्ये कसं करायचं त्ये तरी सांगा. मॅडमनी यादी केली, सदतीस नावं झाली. एवढ्या पोरांना एक झुंबरबाई पुरणार नव्हती, आणि देखरेखीलाही आणखी एक माणूस लागणार होतं. संध्याकाळी घरी हिरा याचाच विचार बोलून दाखवत होती, की या खेपेला कोणाला ठेवावं, पोरांची माया असलेलं, पहाटे उठणारं, भाकरी भराभर थापणारं.

"इचार काय करती येवडा?" बाळाबाई चुलीपुढून म्हणाली. "कोकनात कोन जानार त्ये तुमी दोगं नवराबायकू बगा. अवंदा मी हितंच ऱ्हानार. सदतीस पोरांच्या भाकरी करायला मानूस नगं का?"

जालिंदर दारात घोड्याचं दावं वळत बसला होता. त्यानं आईकडं पाहिलं, मग बायकोकडं.

"आन् बिऱ्हाड?" त्यानं विचारलं.

"त्ये तुमी दोगं ठरवा," हिरा आणि बाळाबाई एकदमच म्हणाल्या, आणि मग दोघींना कळलं की दोघींनाही गावातच राहायचंय, पण दोघी राहिल्या तर बिऱ्हाडाला बाईच उरत नाही. ऋतिका हसायला लागली. हिरानं यादीचा कागद गुडघ्यावर पसरला आणि देखरेखीच्या रकान्यात स्वतःच्या नावाऐवजी, पेननं, सासूचं नाव लिहिलं.